गोठ्याला मज्जाव, बंगल्याला मोकळीक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सह्याद्रीच्या माथ्यावर जूनमध्ये सुरू होणारा पाऊस सप्टेंबर सरेपर्यंत फारशी उसंत घेत नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून दक्षिणेला कोयनेच्या पाणलोटातील डोंगरवस्त्यांची स्थिती फारशी निराळी नाही. या पावसात माणसाला छप्पर लागते हे कोणी नाकारत नाही. परंतु त्याच माणसाच्या दावणीला असलेल्या दुभत्या म्हशीला, गाभण गाईला आणि चार दिवसांच्या वासरालाही छप्पर लागते, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आणि सरकारी नकाशात कोठेतरी हरवून गेली आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हा हरवलेला गोठा आहे.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. बेकारी, महागाई आणि शेतमालाचे भाव यांसारखे प्रश्न उभे असताना गोठ्याच्या परवानगीवर अभ्यासवर्ग खर्ची का घालावा, असे कोणी विचारील. परंतु राज्यव्यवस्थेचा वर्गस्वभाव तिच्या घोषणांपेक्षा तिच्या परवान्यांत अधिक स्पष्ट दिसतो. कोणी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, कोणाला विचारण्याचीही गरज नाही आणि कोणासाठी नियमातच पळवाट ठेवलेली आहे, हे पाहिले म्हणजे राज्य कोणाचे ते कळते. निसर्गसंरक्षणाचे कायदे या नियमाला अपवाद नाहीत. निसर्ग राखला पाहिजे याविषयी समाजवाद्यांच्या मनात संदेह असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो निसर्ग राखण्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जातो हा.

प्रथम हा गोठा कोणाचा, ते पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर ठिकठिकाणी गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. त्यांना धनगरवाडे म्हणतात. देशावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांहून यांची रीत वेगळी. हे लोक म्हशी आणि गाई पाळतात. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समाजाच्या जीवनाचे तपशीलवार वर्णन आहे. लहान, विखुरलेल्या वस्त्या. लोणी, तूप, दही विकून धान्य आणणे. जोडीला डोंगरउतारावरची फिरती शेती. आणि जंगल जसजसे तुटत गेले तसतशी या जीवनक्रमाची झालेली ओढाताण, हे सर्व त्यात नोंदलेले आहे. या कुटुंबांपैकी अनेकांच्या नावे सातबारा नाही. ज्या जमिनीवर त्यांची घरे आणि गोठे उभे आहेत ती जमीन कोठे वनखात्याची, तर कोठे खाली गावात राहणाऱ्या खातेदाराची असते.

त्यांचा जुन्या पद्धतीचा गोठा म्हणजे काय? जमिनीत मेढी रोवावयाच्या, त्यांवर वासे टाकावयाचे, कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपावयाची आणि वर गवत शाकारावयाचे. माळ्यावर वैरण, खाली दावण. दर वर्षा-दोन वर्षांनी छप्पर नव्याने शाकारावे लागते, कूड बदलावा लागतो. ज्या जंगलातून हे साहित्य येते त्याच जंगलात ते कुजून परत जाते. सिमेंटचे जोते नाही की काँक्रीटचा खांब नाही. उद्या वस्ती उठली तर पाच पावसाळ्यांनी तेथे गोठा होता हे ओळखूही येऊ नये, अशी ती रचना असते.

आता कायद्याकडे वळू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. राधानगरी परिसर त्यापूर्वीच, १९५८ साली, अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये १९८५ साली जाहीर झाली. चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि कोयना व चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. अभयारण्यात मात्र चराईचे नियमन करण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला दिलेला आहे, आणि हद्द ठरविताना जिल्हाधिकारी जुने हक्क चालू ठेवू शकतो. म्हणजे अभयारण्यात गुरे असू शकतात हे कायद्याने मान्य केले. ती रात्री कोठे बांधावयाची, याविषयी कायदा मौन बाळगतो.

या मौनाचा अर्थ व्यवहारात कसा लागतो? अभयारण्यातून परवानगीवाचून वनोपज नेता येत नाही. तेव्हा कारवी तोडणे आणि छपराचे गवत कापणे हा गुन्हा ठरू शकतो. मग गवळ्याने गोठ्यावर पत्रा घालावयाचा. पत्रा आला की वाऱ्याला टिकाव धरण्यासाठी पक्के खांब आले, आणि पक्के खांब आले की हे ‘कायमस्वरूपी बांधकाम’ झाले. एका नियमाने कच्च्या गोठ्याचे साहित्य काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्या नियमाने पक्का गोठा बेकायदा ठरवावयाचा, अशी ही दुहेरी कोंडी आहे. ती मुद्दाम रचलेली असेलच असे नाही. परंतु जिच्या रचनेत गवळ्याला कोणी विचारलेच नाही अशी व्यवस्था याहून वेगळी कशी होणार?

अभयारण्याच्या बाहेर पाऊल टाकले तरी सुटका नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. माथेरानची अधिसूचना २००३ साली निघाली. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्याभोवती अशी क्षेत्रे आखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि त्यानंतरच्या बहुतेक अधिसूचना साधारणतः एकाच साच्यातून निघाल्या. हा साचा काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवी व्यापारी हॉटेले आणि विश्रामधामे यांना बंदी. अपवाद पर्यावरण-पर्यटनासाठीच्या लहान, तात्पुरत्या वास्तूंचा. स्थानिक लोकांना आपल्या निवासी गरजेसाठी बांधकाम करता येईल. मात्र ते त्यांच्या स्वतःच्या जमिनीत. स्थानिकांची चालू शेती आणि दुग्धव्यवसाय यांना मुभा आहे.

हे शब्द लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्यातील दोन गोष्टींकडे लक्ष वेधले पाहिजे. पर्यटकाच्या तात्पुरत्या तंबूला किंवा झोपडीला या साच्यात नावानिशी जागा मिळाली. गवळ्याच्या तात्पुरत्या गोठ्याला नाव नाही. दुग्धव्यवसायाला मुभा आहे म्हणून गोठ्यालाही असावी, असा अर्थ अधिकाऱ्याने कृपावंत होऊन लावला तर लावला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्थानिकाचा बांधण्याचा हक्क ‘स्वतःच्या जमिनी’वर उभा केला आहे. ज्याच्या नावे जमीन नाही तो पिढ्यान् पिढ्या तेथे राहत असला तरी या वाक्याच्या बाहेर पडतो. आणि ज्याने शहरातून येऊन डोंगरउतार विकत घेतला तो मात्र जमीनधारक म्हणून अर्जाच्या खिडकीशी उभा राहू शकतो.

सर्वसामान्य, सरसकट बंदीचा परिणाम काय होतो याचा अनुभव देशाने नुकताच घेतला. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटरचे संवेदनशील क्षेत्र असावे आणि त्यात कोणत्याही कारणासाठी नवी कायमस्वरूपी वास्तू उभारू देऊ नये असा आदेश दिला. खाणमाफियांच्या आणि बांधकाम व्यावसायिकांच्या अतिक्रमणाला आळा घालण्याची गरज होती हे खरेच. परंतु ‘कोणत्याही कारणासाठी’ या दोन शब्दांत शाळेची खोली, अंगणवाडी, दवाखाना, पडके घर आणि गुरांचा गोठा हे सारे एका दावणीला बांधले गेले. शेकडो गावांतील लोकांची दैनंदिन कामे अडतील हे ध्यानात आल्यावर २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने स्वतःच या आदेशात बदल केला. खाणींवरील बंदी मात्र कायम ठेवली. यातून घेण्याचा धडा असा की संरक्षणाचा नियम जितका आंधळा, तितका तो दुर्बळावर अधिक जोराने आदळतो आणि तितकाच लवकर मागे घ्यावा लागतो.

आता दुसऱ्या टोकाला पाहू. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला आणि कोठे काय होऊ द्यावे याचा निर्णय ग्रामसभांपासून वर यावा असा आग्रह धरला. त्यानंतर कस्तुरीरंगन गटाने २०१३ साली दुसरा अहवाल दिला. त्या आधारे केंद्राने २०१४ पासून एकामागून एक मसुदे काढले; ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. या मसुद्यांत बंदी कोणत्या बांधकामांना? वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना. आता यासमोर महाराष्ट्र सरकारचाच दुसरा आकडा ठेवा. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने रोजगार हमीच्या निधीतून गोठे बांधून देण्याची योजना आखली गेली. दोन ते सहा गुरांच्या गोठ्यासाठी २६.९५ चौरस मीटर जागा आणि ७७,१८८ रुपये खर्च त्यात धरला होता. म्हणजे सहा गुरांच्या निवाऱ्याला सत्तावीस चौरस मीटर पुरतात हे सरकारनेच हिशेब करून सांगितले. सत्तावीस आणि वीस हजार या दोहोंत सातशे पटींहून अधिक अंतर आहे. अभयारण्यालगतचे नियम आणि घाटाचा मसुदा या दोन निरनिराळ्या चौकटी आहेत हे मान्य. तथापि संरक्षणाच्या नावाने एकीकडे सत्तावीस चौरस मीटरसाठी वनरक्षकाची मनधरणी करावी लागावी आणि दुसरीकडे एकोणीस हजार चौरस मीटरचा प्रकल्प मसुद्याच्या मर्यादेखालून अलगद निघून जावा, यातील विसंगती कोणत्याही चौकटीने झाकली जात नाही.

बंगला कोणत्या वाटेने येतो, तेही समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरील इमारतीची व्याख्या आहे. अवजारे, खत, वैरण ठेवणे, उत्पन्न साठविणे, गुरांना निवारा देणे आणि धारकाचे कुटुंब, नोकर किंवा कूळ यांनी राहणे, या कामांसाठीची इमारत ती शेतावरची इमारत. १९८६ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांच्या परिसरात आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात अशी इमारत बांधण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली. व्याख्या शेतकऱ्याच्या गरजेतून आलेली, सरळ आणि समंजस आहे. परंतु गोठा आणि निवास एकाच व्याख्येच्या छपराखाली असल्यामुळे व्हायचे ते झाले. डोंगरउतारावर जमीन घ्यावयाची, शेतघर म्हणून कागद करावयाचा, आणि आत संगमरवरी फरशी, बाहेर पोहण्याचा तलाव. मुंबई-पुण्याच्या आसपासचे घाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे पुरावे देण्याची आवश्यकता नाही. ज्या शब्दांनी गुरांना निवारा द्यावयाचा होता त्या शब्दांत आठवडासुटीचे धनिक राहावयास आले आणि ज्याच्याजवळ खरोखर गुरे आहेत तो जमीनधारक नसल्याने त्या शब्दांच्या बाहेरच राहिला.

या अन्यायाला उत्तर म्हणून २००६ चा वन हक्क कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमात चराईचा हक्क, स्थिर आणि फिरत्या अशा दोन्ही पशुपालकांचा, स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. हा देशातील आदिवासी आणि वनवासी जनतेच्या लढ्याचा मोठा विजय होय. पण येथेही गोठ्याची वाट काट्यांची आहे. त्याच कलमात एक हेक्टरपर्यंतची वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने ज्या तेरा सार्वजनिक सोयींसाठी देता येते त्यांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची टाकी, रस्ते, समाजमंदिर असे सारे त्यात आहे. गुरांचा सामायिक निवारा किंवा पशुवैद्यकाची शेड मात्र नाही. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नव्हे. त्यामुळे त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. १९३० सालच्या गवताच्या गोठ्याचा कागद कोण दाखविणार? जो गोठा मागमूस न ठेवता मातीत मिळतो, त्याच्या निरुपद्रवीपणाचीच ही शिक्षा!

तरीही कायद्यात आधार आहे, तो चळवळीने ओळखला पाहिजे. नियमांप्रमाणे घरे, झोपड्या, जमिनीत केलेल्या कायम सुधारणा यांच्या खुणा पुरावा म्हणून चालतात, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथनही चालते. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हुसकावता येत नाही. शिवाय चराईचा हक्क सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपत नाही. ज्याला चारण्याचा हक्क आहे त्याला रात्री गुरे बांधण्याचा हक्क नसेल तर पहिल्या हक्काला अर्थ उरत नाही, असा युक्तिवाद ग्रामसभेच्या ठरावात, उपविभागीय समितीपुढे आणि गरज पडल्यास न्यायालयात केला पाहिजे.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. ते उडवून लावण्यासारखे नाही. वन्यजीवशास्त्रज्ञ सांगतात की पाळीव गुरांकडून रानातील जनावरांना रोग जातात. हे खरे आहे; १९६८ साली दक्षिणेत बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडीच्या साथीने गव्यांची दाणादाण उडाली होती. बुळकांडी जगातून २०११ साली नाहीशी झाली. लाळ्या-खुरकूत अजून आहे. दुसरा आक्षेप अतिचराईचा. तिसरा असा की आज एक गोठा, उद्या दहा, परवा त्याच जागी उपाहारगृह. तिन्ही आक्षेपांत तथ्यांश आहे. पण त्यांतून निष्कर्ष कोणता निघतो? रोगाची भीती असेल तर गुरे कोठे आहेत, किती आहेत आणि त्यांना लस टोचली की नाही, याची नोंद हवी. ती नोंद मान्यताप्राप्त गोठ्यातच होऊ शकते. ज्या गोठ्याचे अस्तित्वच चोरटे आहे त्याचा मालक पशुवैद्यकाला हाक मारावयासही कचरतो. बिबट्याचा प्रश्न घ्या. रात्री बंदिस्त, मजबूत गोठ्यात असलेले वासरू वाचते. उघड्यावर बांधलेले मरते. मग वनखाते भरपाई देते, गवळ्याच्या मनात बिबट्याविषयी वैर साठते. गोठा नाकारून वन्यजीव वाचतो हा समज या एका उदाहरणापुढेही टिकत नाही.

गुरे हटविली म्हणजे निसर्ग आपोआप सुधारतो, या श्रद्धेची परीक्षा राजस्थानात भरतपूरला झाली. केवलादेव येथील पाणथळ हे पक्ष्यांचे जगप्रसिद्ध स्थान. १९८२ साली तेथील म्हशींची चराई एकाएकी बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घकालीन अभ्यासातून दिसले ते असे की, म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि ज्या पक्ष्यांसाठी हा खटाटोप केला त्यांनाच अडचण झाली. भरतपूरची पाणथळ आणि सह्याद्रीचा सदाहरित माथा एक नव्हेत. तेथला निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करणे अशास्त्रीय ठरेल. परंतु स्थानिकांना न विचारता, अभ्यासाआधी बंदी आणि बंदीनंतर अभ्यास, ही कार्यपद्धती मात्र दोन्हीकडे एकच आहे आणि ती दोन्हीकडे त्याज्य आहे.

या प्रश्नाला जगात कोणी अधिक विचारपूर्वक हात घातला आहे काय? इंग्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल, कारण तेथील व्यवस्था मजूर पक्षाच्या सरकारने घडविलेली आहे. ॲटली सरकारने १९४७ साली नगर व ग्राम नियोजनाचा कायदा केला. जमीन मालकाची राहिली. तिच्यावर बांधण्याचा हक्क मात्र समाजाच्या हाती आला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले उद्यान घोषित झाले. तेथील राष्ट्रीय उद्यानांत गावे आहेत, शेते आहेत, मेंढरे आहेत. त्यांनाच तो देश आपला निसर्ग म्हणतो. शेतीसाठी जमिनीचा वापर करण्यास नियोजनाची परवानगी लागत नाही. १९९० च्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. परंतु हौसेच्या किंवा शर्यतीच्या घोड्यासाठी तबेला उभारावयाचा तर ती शेती नव्हे, तेव्हा परवानगी घ्यावी लागते. कायदा येथे छपराचा आकार नुसता मोजत नाही. छपराखालचे जनावर कोणाच्या पोटासाठी आहे हे विचारतो. फिरत्या निवाऱ्याबाबतही तेथील न्यायालयांनी तीन कसोट्या लावल्या आहेत. त्याचा आकार केवढा, तो किती काळ एका जागी राहतो आणि तो जमिनीशी कितपत जखडलेला आहे. या कसोट्यांना गवळ्याचा कुडाचा गोठा सहज उतरेल आणि तथाकथित तात्पुरते पर्यटन-निवास अनेकदा उतरणार नाहीत.

मात्र त्याच इंग्लंडने एक चूकही दाखवून दिली आहे. पाच हेक्टर किंवा त्याहून मोठ्या शेतावर सोप्या प्रक्रियेने मोठी नवी शेड उभारता येते. त्याहून लहान शेतावर जुन्या इमारतीचा विस्तार तेवढा चालतो, नव्या गोठ्यासाठी पूर्ण अर्ज करावा लागतो. ज्याच्याजवळ अधिक त्याला सवलत अधिक, असा हा न्याय आहे. मजूर पक्षाने घातलेल्या पायावर पुढे जमीनदारी हिताची भिंत कशी चढते, याचे ते उदाहरण होय. महाराष्ट्राने तत्त्व घ्यावे आणि ही भिंत टाळावी.

तेव्हा मागणी काय करावयाची, ते नेमकेपणाने ठरविले पाहिजे.

पहिली मागणी नावाची. संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांत आणि प्रादेशिक योजनांत ‘गुरांचा निवारा’ हा स्वतंत्र प्रकार निवासापासून वेगळा काढून लिहिला जावा. त्याची मर्यादा सरकारनेच ठरविलेली असावी; सहा गुरांपर्यंत सत्तावीस चौरस मीटर आणि गुरांच्या संख्येप्रमाणे त्या पटीत. झऱ्यापासून व ओढ्यापासून अंतर, शेणमूत्राची व्यवस्था आणि लसीकरणाची नोंद या अटी अवश्य असाव्यात. निवास आणि गोठा वेगळे झाले की गोठ्याच्या नावावर बंगला बांधणाऱ्याची वाटही बंद होते.

दुसरी मागणी हक्काच्या पायाविषयी. हा हक्क सातबाऱ्यावर न टाकता प्रत्यक्ष वास्तव्य आणि प्रत्यक्ष पशुपालन यांवर टाकावा. जो तेथे राहतो आणि गुरे राखतो त्याला तो मिळावा. जो जमीन विकत घेऊन शहरात राहतो त्याला मिळू नये. गुरे संपली की निवारा उतरवावा. तो विकता येऊ नये, भाड्याने देता येऊ नये, त्याचे उपाहारगृह होऊ नये.

तिसरी मागणी निर्णयाच्या जागेविषयी. अर्ज ग्रामसभेपुढे यावा, वनखात्याने ठराविक मुदतीत आपला लेखी आक्षेप मांडावा, आणि मुदत टळली तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम समजावा. नकार दिला तर कारणे लिहून दिली पाहिजेत. एका वाडीतील माणसाने एका छपरासाठी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी खेटे घालावयाचे, यात निसर्गाचे रक्षण तर होत नाहीच, फक्त दलालाचे पोषण होते.

चौथी मागणी साहित्याची. जेथे निवारा मान्य केला तेथे कूड आणि छपरासाठी लागणारी कारवी व गवत ठराविक प्रमाणात, ठराविक ठिकाणाहून घेण्यास परवानगी असावी. कच्च्या गोठ्याला साहित्य दिले तर पत्रा आणि काँक्रीट यांची गरज कमी होईल.

या मागण्यांबरोबर चळवळीवर काही कर्तव्येही येतात आणि ती सोपी नाहीत. वाडीवाडीत जाऊन वडीलधाऱ्यांची कथने नोंदविणे, गोठ्यांचे नकाशे काढणे, वन हक्काच्या दाव्यांत चराईबरोबर गोठ्याच्या जागेचा उल्लेख करून घेणे, हे कष्टाचे आणि चिकाटीचे काम आहे. त्याला प्रसिद्धी नाही. त्याहून अवघड काम निराळे. डोंगरातली माणसेही कधी कधी दलालाच्या हाती जमीन देतात, आपल्या नावावर परक्याचे बांधकाम उभे राहू देतात. गरिबीच्या रेट्याखाली हे घडते हे खरे; परंतु त्यामुळे उरलेल्या वाडीचा हक्क दुबळा होतो हेही तितकेच खरे. ग्रामसभेला निर्णयाचा अधिकार मागणाऱ्यांनी ग्रामसभेत उभे राहून हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. वन हक्क कायद्याने ग्रामसभेला वन आणि वन्यजीव राखण्याची जबाबदारीही दिली आहे. हक्क मागताना ती जबाबदारी उचलली नाही, तर उद्या वनखात्याच्या मनाई-हुकुमाला गावातलाच माणूस टाळ्या वाजवील.

सह्याद्रीचा माथा निर्मनुष्य करून राखता येईल असे मानणारा एक वर्ग शहरांत आहे. त्याच माथ्यावर विश्रामधामे बांधून पैसा करता येईल असे मानणारा दुसरा वर्गही शहरांतच आहे. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच पंगतीला बसलेली असतात. या दोघांच्या मधोमध सहा म्हशींचा धनी उभा आहे. त्याच्या सत्तावीस चौरस मीटरच्या छपराला कायद्यात नाव मिळवून देणे, हे पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू करण्याचे काम आहे. अर्जांचे नमुने तयार करावयाचे आहेत, ठरावांचे मसुदे लिहावयाचे आहेत, प्रत्येक धनगरवाड्यावर माणूस पोहोचवावयाचा आहे. अभ्यासवर्ग संपल्यावर कोणी कोणत्या वाडीवर जावयाचे, हे ठरवूनच साथींनी घरोघर परतावे.